भगवा आयफोन आणि पक्याचं टिकटॉक

बंड्यानं आयफोन घेतल्याची बातमी कट्ट्यावर बंड्याच्या आधी पोचली. सुन्याचं मोबाईलचं दुकान कट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि बंड्यानं 2025 च्या दसऱ्याला फोन घेतला तो मॉलमधल्या शोरूममधनं. फायनान्सचा पोरगा दोन्हीकडं कागद करतो, त्यानंच सुन्याला सांगितलं. त्यामुळं त्या संध्याकाळी कोल्हापुरातल्या राजारामपुरीत जे काही झालं त्याला स्वदेशी, चीन, अमेरिका अशी मोठी नावं दिली तरी निम्मं भांडण त्या बिलाचं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

बंड्या आला आणि त्यानं फोन कट्ट्यावर पालथा ठेवला. पालथाच ठेवायचा, म्हणजे रंग दिसतो.

“भगवा हाय,” तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

“कंपनी कॉस्मिक ऑरेंज म्हणते,” देसाई सर म्हणाले. सर ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात आणि संध्याकाळी आम्हाला.

“कंपनीला काय कळतंय?”

“एक लाख चौतीस हजार नऊशे,” सुन्या चहाच्या ग्लासात बघत म्हणाला. “गेरू स्वस्तात आला असता.”

पक्याच्या नाकातनं चहा आला. बंड्यानं तिकडं दुर्लक्ष केलं, कारण त्याला मुद्द्यावर यायचं होतं. मुद्दा असा की रविवारपासनं कट्ट्याचा व्हॉट्सॅप ग्रुप बंद.

“ट्रम्पनं 50 टक्के टॅरिफ लावलाय आपल्यावर. आणि आपण काय करालोय? त्यांच्याच व्हॉट्सॅपवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवालोय! अरट्टै म्हणून आपलं देशी ॲप हाय, त्यावर ग्रुप काढलाय मी. समद्यांनी तिकडं या.”

“किती जण आलेत?” सुन्या.

“सुरुवात हाय.”

“किती?”

“सर आलेत.”

“मी नुसता बघायला गेलो होतो,” सर म्हणाले.

“बरं, अमेरिकेविरुद्धची ही हाक तू कशावरनं दिलीस?” सुन्यानं पालथ्या फोनकडं बोट केलं. “ह्याच्यावरनंच न्हवं?”

बंड्या याला तयारच होता. “आयफोन भारतात बनतोय! पेपर वाचत जा जरा. होसूरला टाटा, मद्रासजवळ फॉक्सकॉन.”

“जोडतात, बंड्या. जोडतात. आणि जोडायला शिकवाय चिनी इंजिनिअर आणलेते. ते फॉक्सकॉननं शेकड्यानं माघारी चीनला पाठवले, तर जुलैत लगेच पेपरात बातमी, आता आयफोनचं कसं व्हायचं. माझ्या भगव्याचं कसं व्हायचं म्हणून तू तवा उपास धरलेला काय?”

“जोडणीला कमी लेखू नका,” सर मधे पडले. “श्रीपेरुंबुदूरला हजारो मुली त्या कामावर पगार घेतात.”

“मग तसं म्हणावं ना सर. पोरींच्या पगारासाठी घेतला म्हणावं. मी उठून सलाम करतो. पण ह्यानं घेतला मेव्हण्यानं सोळा घेतला म्हणून, आणि सांगतोय देशासाठी!”

मेव्हण्याचा उल्लेख खरा होता, त्यामुळं बंड्या थोडा वेळ गप्प बसला.

बंड्याची देशभक्ती जुनी आहे. 2020 च्या मे महिन्यात लडाखात तणाव सुरू झाला तेव्हाच ‘रिमूव्ह चायना ॲप्स’ नावाचं एक ॲप निघालं होतं. आपल्या फोनमधली चिनी ॲपं शोधून काढणारं. पन्नासेक लाख लोकांनी ते घेतलं आणि जूनच्या सुरुवातीला गूगलनं ते उडवलंसुद्धा. त्या दिवसांत हा मास्क लावून गल्लीत दारोदार फिरायचा आणि सहा फुटांवरनं दुसऱ्याचा फोन मागायचा. माझ्या फोनमधलं कॅमस्कॅनर त्यानंच काढलं, आतल्या घरफाळ्याच्या पावत्यांसकट. हे सगळं तो ज्या फोनवरनं शिकला तो रेडमीचा होता. ॲपं सापडली, फोन सापडला नाही. टिकटॉकला पर्याय म्हणून त्यानं सगळ्यांना ‘मित्रों’ घ्यायला लावलं. चारच दिवसांत कळलं की त्या ॲपचा कोड पाकिस्तानातल्या एका कंपनीकडनं 34 डॉलरला घेतलेला आहे. ते मात्र काढायला बंड्या कुणाच्या दारात आला नाही.

“माझ्याकडं तवा काय चाललंतं म्हाईत हाय?” सुन्या रंगात आला. “बोर्डावर पांढरं कापड, त्यावर ‘मेड इन इंडिया’. खालचं कंपनीचं नाव झाकायचं, कोण दगड मारंल म्हणून. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं चायना सोडून दाखव. मी कोरियाचा दाखवायचो. किंमत ऐकली की खोकला यायचा. मग म्हणायचं, तो मघाचा बघू जरा. मी खोका उलटा करायचो आणि बारकोडाखालची ती बारकी ओळ दाखवायचो, मेड इन इंडिया. नखानं खरवडून बघायचं लेकाचं, स्टिकर तर न्हाई? न्हाई म्हटल्यावर छाती फुगवून घेऊन जायचं. त्या जूनमधी वनप्लस आठ प्रो ऑनलाइन मिनिटांत संपला, कुणी घेतला? चीननं? बंड्या, गिऱ्हाईकाला ब्रँड नसतो. हप्ता असतो.”

“मायक्रोमॅक्सला लोकांनी साथ दिली असती तर...”

“दिलीती की! चौदा-पंधरा सालात माझं निम्मं कपाट मायक्रोमॅक्सचं होतं. ते फोन कुठनं यायचे? शेन्झेनमधनं! तू चिनीच वापरत होतास भावा, फक्त वरचं लेबल आपलं होतं.”

इथं पक्या पहिल्यांदा बोलला. “त्यो विषय सोडा की.”

पक्यासमोर हा विषय सहसा निघत नाही. पक्या टिकटॉकवर होता. वडणग्यात म्हशीला शेजारी उभं करून तो तिच्याशी संसाराच्या गोष्टी बोलायचा, आणि म्हैस बरोबर वेळेला मान फिरवायची. दीड लाखाच्या वर फॉलोअर. टायरच्या दुकानाच्या उद्घाटनाला फेटा बांधून बोलवायचे, पाकीट द्यायचे. 29 जून 2020 ला रात्री 59 ॲपं बंद झाली, त्यात ते गेलं. आता पक्या पहाटे तीनला दुधाचा टेम्पो काढतो. जुना फोन त्यानं टाकलेला नाही. काचेला कोपऱ्यात तडा, मागं रबरबँड लावून झाकण धरलेलं, कारण बॅटरी फुगली आहे. ॲप उघडत नाही, पण म्हशीचे काही व्हिडिओ गॅलरीत आहेत. सुन्यानं दहादा सांगितलं, फुगलेली बॅटरी घरात ठेवू नको, पेटंल. पक्या हो म्हणतो.

“देशासाठी एवढं तर करायलाच पाहिजे,” बंड्या म्हणाला. वाईट हेतूनं नाही, पण म्हणाला.

“कुणी?” सुन्याचा आवाज चढला. “तुझं काय गेलं? शेअरइट! ह्याचा धंदा गेला. आणि टिकटॉकची जागा कुणी घेतली, मित्रोंनं? 29 जूनला टिकटॉक गेलं आणि 8 जुलैला इन्स्टाचं रील्स हजर. दहावं तरी होऊ द्यायचं! गेलं चीनचं, मिळालं कुणाला? तू आज ज्या अमेरिकेवर बहिष्कार टाकालाईस तिला. आणि तवा मिठाई वाटलीस तू.”

“पेढं न्हवतं, बर्फी होती,” पक्या म्हणाला.

सरांनी हात वर केला. सर दोन्ही बाजूंनी बोलतात म्हणून त्यांच्याशी कुणी भांडत नाही. त्यांचं म्हणणं असं की बंड्याची शंका अगदीच हवेतली नाही. चीनचा 2017 चा गुप्तवार्ता कायदा आहे, सरकारनं मागितलं तर कंपनीला सहकार्य करावं लागतं. शिवाय चीन स्वतः गूगल, फेसबुक आत येऊ देत नाही. गलवानात 20 जवान गेल्यावर सरकार नुसतं बसून राहिलं नसतं. “पण बंदी घातली आयटी कायद्याच्या 69-अ खाली. त्यातले आदेश गोपनीय, तसा नियमच आहे. कुठल्या ॲपनं नक्की काय केलं, हे तुला-मला कुणी सांगितलं नाही. आधी तात्पुरती बंदी, जानेवारी 2021 ला कायमची. शीइन हे कपड्यांचं ॲप त्याच यादीत होतं, ते या फेब्रुवारीत परत आलं.”

“रिलायन्सनं आणलं,” सुन्या म्हणाला. “अंगारा लावला की झालं शुद्ध.”

“ते कपडे आता इथं शिवायचेत असं...” बंड्यानं सुरुवात केली.

“वहिनींनी ऑर्डर केलीय काय?”

बंड्यानं चहावाल्याला हाक मारली.

पब्जीचंही निघालं. सप्टेंबर 2020 च्या 118 ॲपांच्या यादीत ते गेलं, पुढच्या जुलैला कोरियन कंपनीनं बीजीएमआय म्हणून आणलं, 2022 ला परत काढलं, 2023 ला परत आलं. बंड्याचं थोरलं पोरगं या सगळ्या काळात एकदाही जेवायला वेळेवर उठलेलं नाही, असं बंड्यानंच कबूल केलं.

मग आयपीएल. विवो गेलं तेव्हा बंड्यानं स्टेटस ठेवलं होतं, ते सुन्याला पाठ आहे. विवो वर्षाला 440 कोटी द्यायचं, त्याजागी 222 कोटींत ड्रीम इलेव्हन आलं. “त्यात टेन्सेंटचा पैसा होता, ते स्टेटसात टाकलं न्हाईस. टाकलं काय? आपली टीम लावत बसलास. पुढच्याच वर्षी विवो परत आलं, तवा बी काय बोलला न्हाईस. आणि आता ऑगस्टात सरकारनं कायदा करून पैशाचे खेळच बंद केले तर सगळ्यात जास्त रडला कोण? हाच! डिस्प्लेचे अठराशे त्यातच गेलेत माझे.”

अठराशे रुपये हा कट्ट्यावरचा गलवान आहे. बंड्याच्या म्हणण्याप्रमाणं त्यानं ते दिले, सुन्या बाहेर होता, पोराकडं दिले. सुन्याच्या म्हणण्याप्रमाणं पोरगं तेव्हा दुकानात कामाला लागलंही नव्हतं. त्यातनं मग डिस्प्ले ओरिजिनल होता की कॉपी, हे निघालं. त्यातनं बंड्यानं एकदा पाटाकडील तालमीच्या फुटबॉल मॅचला सुन्याच्या गाडीवरनं जाऊन येताना दिलबहार तालमीच्या पोरांना काय शिवी दिली आणि मार कुणी खाल्ला, हे निघालं. सुन्या दिलबहारचा. पाऊण तास आम्ही फुटबॉलवर होतो. सर घड्याळ बघून उठले आणि परत बसले, कारण ट्रिपल आली होती.

ट्रिपल शेजवान. शेजारच्या गाडीवरनं. बंड्यानंच सांगितली होती.

“हे कुठलं म्हणायचं?” सुन्यानं लाल भाताकडं बघत विचारलं. “कागलचं?”

“आठवलेसाहेबांनी 2020 ला सांगितलं होतं, चायनीज बंद करा,” सरांना आठवलं.

“त्यो गाडीवाला आपल्या गल्लीतला हाय,” बंड्या तोंडात घास ठेवून म्हणाला. “कोबी कोल्हापूरचा, कोंबडी कोल्हापूरची. फक्त नाव चायनीज.”

“मग माझ्या म्हशीत काय चिनी होतं रं?” पक्या म्हणाला.

एक क्षण कुणालाच उत्तर सुचलं नाही. सुन्यानं टेबलावर थाप मारली. बंड्यासुद्धा हसला, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे, आणि आपल्या ताटातला सगळ्यात मोठा लॉलीपॉप त्यानं पक्याच्या ताटात टाकला.

तेवढ्यात भगवा फोन कट्ट्यावर थरथरायला लागला. बंड्याचे दोन्ही हात शेजवान चटणीनं माखलेले. पक्यानं फोन उलटा केला. स्क्रीनवर ‘फायनान्स’. बंड्या “उचलू नको, उचलू नको” म्हणेपर्यंत पक्यानं उचलून स्पीकरवर टाकला, आणि पाच वर्षांनी आम्ही तो म्हशीशी बोलायचा आवाज ऐकला.

“बोला मॅडम... व्हय, बंडूशेटचाच नंबर. शेट आंदोलनात हायत. स्वदेशीच्या... पाच तारीख? पहिला हप्ता? व्हय व्हय, खात्यात पैसे ठेवाय सांगतो. मॅडम, एक विचारू काय? हप्ता भारतातलाच हाय न्हवं? बाहेरचा न्हाई? मग भरतील की! बाहेरचा असता तर शेटनी त्याच्यावर बी बहिष्कार टाकला असता.”

पलीकडची बाई आधी गप्प झाली, मग तिलाही हसू आवरेना. सुन्या पाण्याची बाटली उलटी धरून बसला होता, पँट भिजली तरी त्याला पत्ता नव्हता. हसू ओसरल्यावर त्यानं फोनकडं तोंड नेऊन विचारलं, “मॅडम, जुनी उधारी बी वसूल करून देता काय? अठराशे हायत.”