'घरच्यासारखे' गुलाम? मग फीबीचं पत्र वाचा

मावशी सध्या मुलाकडे अटलांटाला आहे. परवा ती सॅव्हानाजवळचा एका मळेवाल्याचा जुना बंगला बघून आली आणि रात्री घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. मेसेजचं म्हणणं असं: अमेरिकेच्या दक्षिणेत यादवी युद्धाआधी गुलाम घरच्यासारखेच असत, मळेवाल्यांची पत्रंच त्याचा पुरावा, गुलाम महाग असल्याने त्यांना कुणी इजा करत नसे, गुलाम होते ते फक्त १.४ टक्के लोकांकडे. आणि काळ्यांकडेही गुलाम होतेच. खाली मावशीची भर: 'आपल्या वाड्यातले गडी नव्हते का, तसंच.' त्यावर भराभर अंगठे आले, आणि 'नातवाच्या शाळेच्या प्रकल्पात घाला' अशी सूचनाही आली. हे पोराच्या वहीत जाणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

आधी पत्रांचं. मळेवाल्यांच्या पत्रांत माया दिसते हे खरं आहे, मान्य करतो. कापसाला काय भाव आला, पाऊस किती झाला, कुणाकडे बाळ झालं, कुणाला ताप आला, आणि शेवटी 'नोकरांनाही', म्हणजे गुलामांनाही, 'आमचा नमस्कार सांगा'. जॉर्जियातल्या लिबर्टी काउंटीत चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाचा प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) पाद्री होता. त्याचे मळे होते, शंभराहून जास्त गुलाम होते, आणि गुलामांना धर्माचं शिक्षण द्यावं म्हणून त्याने आयुष्यभर खटपट केली. हे शिक्षण तोंडीच द्यावं लागे, कारण गुलामाला लिहावाचायला शिकवायला जॉर्जियात कायद्याने बंदी होती. या जोन्स घराण्याची पत्रं प्रसिद्ध आहेत आणि वाचायला खरोखर गोड आहेत. 'दयाळू मालक' शोधायचा तर याच्याहून चांगला सापडणं कठीण.

आता या दयाळू मालकाने काय केलं ते बघा. त्याच्याकडे फीबी नावाची बाई होती. तिची मुलगी जेन १८५६ साली मळ्यावरून पळाली आणि सॅव्हानात जाऊन राहिली. ती सापडली. मग मालकाने जेनला, तिच्या आईला, फीबीचा नवरा कॅशियसला आणि त्यांच्याबरोबरच्या मुलांना विकून टाकलं. कुटुंब एकत्रच विकलं जावं असा जोन्सचा आग्रह होता, हेही खरं. पण फीबीची थोरली मुलगी क्लॅरिसा, तिचा नवरा, तिची पोरं त्या 'कुटुंबात' धरली गेली नाहीत. ती जॉर्जियातच राहिली. म्हणजे घर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हेसुद्धा मालकच ठरवणार.

मार्च १८५७ मध्ये न्यू ऑर्लिन्सहून फीबी आणि कॅशियसचं पत्र आलं. ते आजही उपलब्ध आहे. न्यू ऑर्लिन्स म्हणजे त्या काळची गुलामांची सर्वांत मोठी बाजारपेठ. पत्रात काय आहे? जानेवारीच्या सुरुवातीला सॅव्हाना सोडलं. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला जेन वारली. काही डॉक्टर फुप्फुसाच्या आवरणाची सूज म्हणाले, काही क्षय म्हणाले. मुलांना गोवर झाला होता, आता बरी आहेत. आम्हाला आकसाने विकलं. क्लॅरिसा, तुला, तुझ्या नवऱ्याला आणि नातवंडांना खूप खूप प्रेम. मग नावांमागून नावं: नातवंडं, मावशी, कॅशियसचा भाऊ आणि भावजय, कुणाची चुलत बहीण. आणि शेवटी, घर मिळेपर्यंत आता आणखी सांगण्यासारखं काही नाही.

मेसेज लिहिणारा याच पत्रातलं एक वाक्य उचलेल, म्हणून मीच सांगतो. 'इथे आमचं बरं चाललंय, जेवण तर टाकून देण्याइतकं आहे' असंही त्यात लिहिलंय. खुशाल उचला. विक्रीला काढलेल्या माणसाला व्यापारी चांगलं खाऊ घालत, कारण धष्टपुष्ट माणसाला भाव जास्त. आणि पोटभर जेवूनही या बाईचा जीव क्लॅरिसात आणि तिच्या पोरांत अडकलेला आहे. अख्ख्या पत्रात ती ज्यांना 'आपलं' म्हणते, त्यांत मालकाच्या घरातलं कुणीही नाही. तिला स्वतःचं घराणं होतं, आणि ज्याला मेसेज 'घरचा माणूस' म्हणतो त्यानेच ते मोडलं.

दक्षिणेतल्या कायद्याने गुलामांचं लग्न लग्न मानलंच नाही. व्हर्जिनियात १६६२ पासूनच नियम होता की मूल आईच्या दर्ज्याचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप मालक असला तरी. म्हणून मावशी, वाड्यातल्या गड्याशी तुलना नको. त्या गड्यांनाही कुणी विचारलं असतं तर ते काय बोलले असते कोण जाणे, पण त्यांची लेक शेठच्या कर्जापायी कुणी बाजारात उभी केली नव्हती.

'महाग म्हणून इजा नाही' या मुद्द्याला एक खटला पुरे. नॉर्थ कॅरोलिनात लिडिया नावाची गुलाम बाई जॉन मॅन नावाच्या माणसाने भाड्याने घेतली होती. मार चुकवून ती पळू लागली, तर त्याने तिच्यावर गोळी झाडली. खालच्या कोर्टाने त्याला दोषी धरलं. १८२९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती रफिन यांनी लिहिलं की गुलामाची शरणागती पूर्ण हवी, तर मालकाची सत्ता निरंकुश असलीच पाहिजे. मॅन तर मालकही नव्हता, तिला भाड्याने घेणारा होता!

१.४ टक्के हा आकडा म्हणजे निव्वळ बनवाबनवी. १८६० च्या जनगणनेत गुलामांचे मालक सुमारे ३ लाख ९४ हजार. त्यांना भागलं कशाने? साऱ्या देशाच्या स्वतंत्र लोकसंख्येने, म्हणजे गुलामी नसलेली उत्तरेकडची राज्यं, तान्ही पोरं, सगळे धरून. मालक म्हणून नाव बहुधा एकट्या घरधन्याचं लागे. कुटुंबं मोजली की मिसिसिपीत जवळजवळ निम्म्या स्वतंत्र कुटुंबांकडे गुलाम होते. आणि गुलाम किती? ३९ लाखांच्या वर.

काळ्या मालकांचा मुद्दा अर्धा खरा. होते काही, आणि त्यातले काही नफ्यासाठीच गुलाम ठेवत. पण कित्येकांनी विकत घेतली होती ती स्वतःची बायको आणि मुलं, कारण पुष्कळ राज्यांत गुलामाला मुक्त करणं कायद्यानेच अवघड करून ठेवलं होतं.