वेल पाला

परवा रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर २४ पांढरे टी-शर्ट येऊन पडले. छातीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘वय विसरा, वेल पाला’.

बायकोने एक उचलला, वाचला, घडी करून परत ठेवला आणि म्हणाली, “छान आहे. आता एक शेळी पाला.”

मूळ वाक्य ‘वय विसरा, वेळ पाळा’ असं होतं. इंदूरच्या नेहरू पार्कात सकाळी फिरणारा आमचा एक गट आहे. पहाटे साडेपाचला फाटकापाशी हजर राहायचं, आणि उशीर करणाऱ्याने त्या दिवशी सगळ्यांच्या पोहे-जिलबीचे पैसे द्यायचे. हा नियम नानांनी केला. नानांना स्वतःला झोपच लागत नसल्यामुळे त्यांच्यावर ही पाळी कधी आलेली नाही. घोषवाक्यही नानांचंच. गटाला दहा वर्षं झाली म्हणून टी-शर्ट काढायचे ठरलं आणि “तू तरुण आहेस, तूच जा” असं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. माझं वय ५८. आमच्या गटात हे वय शाखेच्या बालस्वयंसेवकाचं धरतात. सतरंज्या मीच उचलतो.

चित्र कुलकर्णी वहिनींच्या नातीने मोबाईलवर काढलं. राजवाडा, आणि त्याच्यामागून उगवणारा सूर्य, नारिंगीचा हळूहळू गुलाबी होत जाणारा. पोरीने कौतुक करावं असंच काढलं होतं. पण ते नातीकडून आजीकडे, आजीकडून नानांकडे आणि नानांकडून माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर येता येता आजारातून उठल्यासारखं झालं. राजवाडा सात मजली आहे. मी मोजले तर साडेचार भरले.

दुकान राजवाड्याच्याच मागच्या एका गल्लीत. कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलाने चित्र उघडलं, मोठं केलं आणि डॉक्टरने एक्स-रे पाहून करावा तसा चेहरा केला.

“भिया, ये तो फट रिया है.”

मी दचकून शर्टाकडे पाहिलं. नंतर कळलं की लहान चित्र मोठं केल्यावर त्याचे चौकोन-चौकोन दिसायला लागतात, त्याला छपाईच्या धंद्यात ‘फाटणं’ म्हणतात. शिवाय सूर्याचं ते नारिंगीचं गुलाबी होणं मला महागात पडणार होतं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एका रंगाला एक फ्रेम लागते आणि रंगात रंग मिसळलेला दाखवायचा तर त्याची टिंबं पाडावी लागतात. तीन फ्रेमचा खर्च ऐकून मी सूर्योदय जागीच रद्द केला. एकच रंग, निळा. मग मुलाने विचारलं, “सीडीआर है क्या?”

इथे त्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केलं.

ते कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते. आपल्या शेवेच्या दुकानासाठी दोनशे कापडी पिशव्या छापायला टाकलेल्या, त्या वाळेपर्यंत या सेठजींचा मुक्काम. पोट सुखी, कपाळाला टिळा, आणि हातात वर्तमानपत्राचं गुन्ह्यांच्या बातम्यांचं पान, जे त्यांनी अर्ध्या तासात उलटलं नव्हतं.

“सीडीआर?” ते म्हणाले. “वो तो पुलिस निकालती है. क्या केस है भाईसाब?”

“केस नहीं, टी-शर्ट है.”

“जप्त हुई है?”

मुलाने समजावलं की इथे सीडीआर म्हणजे कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमची फाईल, पोलीस काढतात तो मोबाईलच्या कॉल्सचा हिशेब वेगळा. सेठजींचा चेहरा पडला. त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला, पण एक डोळा आमच्यावर ठेवून. मी घोषवाक्य सांगायला लागलो, मुलाने टाइप केलं आणि पडद्यावर हातभर अक्षरांत ‘वय विसरा’ उमटलं.

सेठजी उभे राहिले.

“मैं बोल ही रिया था! पहले सीडीआर, अब विसरा!”

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो. तुमच्याकडे पेपरात ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं येतं ना, तोच आमच्याकडच्या हिंदी पेपरांत ‘विसरा’ असतो. शवविच्छेदनात काढून तपासणीला पाठवलेले आतले अवयव. इंदूरचा कुठलाही माणूस तो शब्द रोज चहाबरोबर वाचतो. आणि आम्ही तो २४ ज्येष्ठ नागरिकांच्या छातीवर छापणार होतो.

“किसका विसरा है?” सेठजींनी आवाज खाली आणून विचारलं.

“किसी का नहीं. वय...”

“ये वय कौन था?”

“वय माने उमर. विसरा माने भूल जाओ. मराठी है.”

सेठजींनी डोळे मिटून हे सगळं जुळवून पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून अतिशय कळवळ्याने म्हणाले, “भाईसाब, विसरा भूल जाने से ही तो केस बिगड़ते हैं.”

यावर काय बोलायचं? मी पुढचे शब्द सांगितले. आणि खरा घोटाळा तिथे सुरू झाला, कारण पुढच्या दोन्ही शब्दांत ळ आहे.

मुलाने ‘वेल’ टाइप केलं. मी म्हटलं, ल नाही, ळ. तो म्हणाला, तेच तर केलंय. मी मोबाईलवर लिहून दाखवलं. त्याने तो मजकूर त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये चिकटवला तर नुसते चौकोन आले. शेवटी मी बिलाच्या मागे पेनाने ळ काढला, चांगला दोन इंची. मुलाने तो कागद आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. सेठजी मान घालायला आलेच.

“ये क्या है? आठ सो रिया है क्या?”

“ये अक्षर है.”

“कोनसा?”

मी म्हणून दाखवलं. ळ. सेठजींनी म्हणून पाहिलं, ल. मी पुन्हा, ळ. ते पुन्हा, ल. तेवढ्यात त्यांच्या घरून फोन आला. जेवायला दाळ-बाफले केलेत हे ऐकून गृहस्थांनी माळवीत ‘दाळ’ असा घसघशीत, कोल्हापूरच्या मास्तरांनी शाबासकी द्यावी असा ळ काढला! फोन ठेवल्यावर मी आनंदाने ओरडलोच, “यही! यही अक्षर!”

“वो तो बोलने का है,” सेठजी म्हणाले. “लिखने का थोड़ी है.”

आणि मग स्टुलावर बसत, पेपर उघडत, त्यांनी मला संपवलं. “अरे भाईसाब, होलकर महाराज का नहीं बचा इस शहर में, तुम्हारी बनियान का क्या बचेगा.”

हसलो मी त्या वेळी. आता नाही हसू येत, कारण माणूस खरं बोलून गेला. ज्यांनी हे शहर उभं केलं ते होळकर इथल्या पाट्यांवर होलकर आहेत. स्टेडियम होलकर, कॉलेज होलकर, विमानतळावर देवी अहिल्याबाई होलकर. टिळक नगरचं तिलक नगर झालं. ज्या माळव्यात आम्ही राहतो तो कागदोपत्री मालवा. माझ्या स्वतःच्या आडनावात ळ आहे, पण पहिलीच्या दाखल्यात तो एकदा पडला तो पडलाच. आधारकार्डावर ल, पेन्शनच्या कागदांवर ल. पुण्याचे पाहुणे आले की आमच्या मराठीला हसतात. ‘काय करून राहिले’ म्हटलं की एकमेकांकडे बघतात. हसा. क्रियापदं हिंदीच्या वळणाची झाली, कबूल आहे. पण ळ आम्ही चार-पाच पिढ्या तोंडात जपलाय आणि तो कुठे लिहून मिळत नाही. माझा नातू मला विचारतो, “आजोबा, फल खाणार?” मी खातो. फळ कडू लागतं.

असो. टी-शर्टकडे येतो.

मुलगा म्हणाला, तुम्ही कागद ठेवून जा, मी काढून देतो, रात्री नमुना पाठवतो, तुम्ही ओके केलं की फ्रेम बनेल. कापड १६० रुपयांचं एक, फ्रेमचे ४०० वेगळे, २००० आत्ता. दिले.

नमुना आला रात्री ११:४० ला. मी अंथरुणात, चष्मा दुसऱ्या खोलीत. सेठजींमुळे माझं सगळं लक्ष ‘विसरा’कडे. ते बदलून ‘विसरून जा’ करावं का, नानांना आवडेल का, अशा विचारात मी राजवाड्याचे मजले मोजले. सात होते. मुलाने बिचाऱ्याने इमारत नव्याने रेखून काढली होती. मला इतकं बरं वाटलं की मी अंगठा पाठवला आणि झोपलो.

पूर्वी सही न येणाऱ्या माणसाला अंगठाबहाद्दर म्हणायचे. बँकेत ३४ वर्षं मी लोकांचे अंगठे घेतले, शाईचं पॅड पुढे सरकवत, जरा वरच्या आवाजात. ते सगळे अंगठे मला परवा परत मिळाले.

“ओके आपने किया था, भिया,” मुलाने मोबाईल पुढे धरला. पिवळा अंगठा, ११:४१. आणि त्याच्यावर, चष्मा लावून पाहिलं तर स्पष्ट, ‘वेल पाला’. त्याने ळ खरोखर काढला होता म्हणे. पण फाईल करताना मालकांनी स्पेलिंग सुधारलं.

मी विचारलं, आता दुरुस्त होईल? त्यावर त्याने मला फ्रेम दाखवली आणि त्या रागातही मी ती नीट पाहिली. लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर प्रकाशाने कडक होणाऱ्या रसायनाचा थर. मजकूर पारदर्शक कागदावर काळाकुट्ट छापून जाळीवर ठेवायचा आणि वरून दिवा लावायचा. उजेड पडेल तिथला थर दगड होतो. काळ्या अक्षरांखालचा मऊ राहतो, पाण्याने धुतला की निघून जातो, आणि जाळीत तेवढी अक्षरं मोकळी होतात. त्यातून शाई रबरी पट्टीने खाली दाबतात. एखादं छिद्र नको असेल तर बुजवता येतं. नवं उघडता येत नाही. ल चा ळ करायचा तर पुन्हा फ्रेम, पुन्हा ४००, आणि २४ टी-शर्ट तर छापून झालेलेच.

“धुऊन फिकं होईल?” मी अगदी शेवटची आशा विचारली.

मुलाची छाती फुगली. ही शाई तशी नाही, म्हणाला. १६० अंशांच्या आसपास तापवून पक्की केलीय. “पचास धुलाई तक हिलेगा नहीं.”

२२४० बाकी होते. भांडून २४० सोडवले. त्यातले चाळीस कपड्यावर लिहायच्या निळ्या पेनला गेले. रात्री टेबलावर एक टी-शर्ट पसरून मी ल ला दुसरं वेटोळं जोडायचा प्रयत्न केला. कापड ताणलं की रेघ पळते हे मला माहीत नव्हतं. झालं ते अक्षर ल ही नव्हतं, ळ ही नव्हतं, एक चेंगरलेलं झुरळ होतं. आता २३ टी-शर्ट राहिले आणि एक माझा.

काल सकाळी वाटले. नानांनी घातला, मान खाली करून उलटं वाचायचा प्रयत्न केला, जमला नाही, म्हणून कुलकर्णी वहिनींच्या पाठोपाठ जाऊन पुढून वाचायला लागले. ते फार वेळ वाचत राहिले तशी वहिनींनी शाल ओढून घेतली. नाना माझ्याशी बोलले नाहीत. “बारीक आहेत का रे अक्षरं?” एवढंच कुणीतरी मागून कुजबुजलं. जोशी काका मात्र खूश होते. त्यांना वाटलं, बागकामाचा काहीतरी उपक्रम आहे.

पोह्याच्या गाडीवर रांगेत उभे राहिलो. पोहेवाल्याने जिरावण मसाला भुरभुरता भुरभुरता आमच्या छात्या वाचल्या. हिंदीत ‘पाला’ म्हणजे कबड्डीच्या मैदानातली आपली बाजू. त्याने आमच्याकडे एकदा नीट पाहिलं. सरासरी वय ६७, दोन गुडघे बदललेले, एक पेसमेकर.

“कबड्डी की टीम है?” त्याने विचारलं.

“हो,” नाना म्हणाले. टी-शर्ट वाचल्यापासूनचा त्यांचा तो पहिला शब्द.

आज दुपारी दुकानातून फोन आला. मला वाटलं, मालकाला उपरती झाली, काही पैसे परत देतोय. मुलगाच होता, आवाजात आपुलकी. “भिया, आपकी फ्रेम संभालके रखी है. अगली बार छपवाओगे तो फ्रेम का चार्ज नहीं लगेगा.”