'72 तासांत बोलते करा' हा सल्ला आपत्तीग्रस्तांच्या हिताचा नाही

कुठे दरड कोसळली किंवा पूर आला की मदतीला निघालेल्या स्वयंसेवकांमध्ये एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: घटनेनंतर 72 तासांच्या आत प्रत्येक पीडिताकडून घडलेले सगळे वदवून घ्यावे, कारण दाबलेले दुःख पुढे आजार होऊन बाहेर पडते; जो रडत नाही त्याला रडवावे; अन्न-निवाऱ्याचे शासन बघेल, कार्यकर्त्यांनी मन सांभाळावे. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. परंतु त्याप्रमाणे वागल्यास आधीच होरपळलेल्या माणसांना इजा होऊ शकते, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे आवश्यक आहे.

पहिले विधान: लगेच सगळे बोलून टाकले की माणूस सावरतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री मिचेल यांनी 1983 साली मांडलेली अशी पद्धत अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी, म्हणजे प्रशिक्षित आणि एकत्र काम करणाऱ्या गटांसाठी होती. पुढे ती जखमी व्यक्तींना एकेकटे बसवून वापरली जाऊ लागली आणि तिची शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा चित्र उलटे निघाले. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि 1997 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना असे बोलते केले होते त्यांच्यापैकी 26 टक्के रुग्णांमध्ये 13 महिन्यांनंतर आघातोत्तर ताणविकृती (भीषण प्रसंग पुन्हा पुन्हा आठवून छळत राहण्याचा मानसिक आजार) आढळली. ज्यांना केले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण 9 टक्के होते. पहिल्या गटातील रुग्ण मुळातच अधिक भाजलेले होते, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मात्र रस्ते अपघातातील जखमींचा तीन वर्षे पाठपुरावा केला असता, सुरुवातीला ज्यांना सर्वाधिक त्रास होत होता त्यांच्यापैकी बोलते न केलेले लोक सावरले आणि बोलते केलेले मात्र त्रासातच राहिले. म्हणजे ज्यांच्यासाठी हा उपाय सर्वांत गरजेचा मानला जातो, त्यांनाच तो बाधला. जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या मार्गदर्शक सूचनांत असे एकवेळचे सत्र घेऊ नये, असे सांगितले आहे.

दुसरे विधान 72 तासांच्या मुदतीचे. बोस्टनमधील कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला 1942 साली लागलेल्या आगीनंतर मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांनी शोकग्रस्तांसोबत केलेल्या कामापासून संकटकालीन हस्तक्षेपाचा, म्हणजे संकटात सापडलेल्यांना थोड्या काळात आधार देण्याचा, विचार आकाराला आला. त्यांनीही चार ते सहा आठवडे आणि आठ-दहा भेटी, असा हिशेब मांडला होता. एका बैठकीत दुःख उरकते, असे ही परंपरा कधीच म्हणत नाही.

तिसरे विधान न रडणाऱ्यांविषयी आहे. सुरुवातीचे काही दिवस सुन्न होऊन गप्प राहणारी माणसे पुष्कळ असतात, आणि त्यांतील बहुतेक जण आप्त, शेजारी आणि दहाव्या-तेराव्याला जमणारी माणसे यांच्या सोबतीने आपल्या गतीने बोलू लागतात. एका छावणीत चार संस्थांच्या चार पथकांनी त्याच बाईला तोच प्रसंग चार वेळा सांगायला लावणे, हे माझ्या मते निव्वळ क्रौर्य आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

चौथे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते मनाची मदत आणि व्यवहाराची मदत यांची फारकत करते. जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले आणि 57 जण बेपत्ता असताना शोधकार्य थांबवावे लागले. ज्या घरातील माणसाचा देहच सापडलेला नाही, त्या घराला 'तुम्हाला काय वाटते?' या प्रश्नाआधी शोध कुठवर आला, यापुढे काय होणार, मृत्यूचा दाखला कसा मिळणार, कागदपत्रे गाडली गेली असताना पंचनाम्यात नाव कसे लागणार, लेकरांना कुठे ठेवणार, याची खरी आणि एकाच तोंडून येणारी माहिती हवी असते. ती मिळवून देणारा समाजकार्यकर्ता मनाचेच काम करत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतील तीन पायऱ्याही पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे, अशाच आहेत. ऐकणे त्यात आहे. खोदून विचारणे नाही.

अर्थात याचा अर्थ काहीच विचारू नये, असा नव्हे. कोणी 'आता जगून काय करू' असे म्हणाले, तर जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. अशा व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशकासारख्या वस्तू तिच्या हाती लागू देऊ नयेत आणि 14416 या टेलिमानस क्रमांकावर (शासनाची मानसिक आरोग्य मदतवाहिनी) तिच्यासोबत बसूनच फोन लावावा. मानसिक आजाराची ज्यांची औषधे ढिगाऱ्याखाली गेली आहेत, त्यांचीही चौकशी पहिल्याच दिवशी करावी. आणि छावणी उठल्यानंतर, महिनाभराने, ज्यांची झोप अजून परतलेली नाही आणि जे कामाला लागू शकलेले नाहीत, त्यांच्या दारी कोण जाणार, हे गाव सोडण्यापूर्वी नावानिशी ठरवून घ्यावे.