नव्या पात्याची मस्ती

जुन्या पात्यानं दाढी ओढते, हे कुणालाही पटतं. नवं पातं गाल सोलतं म्हटलं, की लोक माझ्या हाताकडे संशयानं बघतात. पण कोरं पातं म्हणजे नुकताच बदली होऊन आलेला साहेब. पहिले दोन दिवस दिसेल त्याला तासतो, तिसऱ्या दिवशी माणसात येतो.

आमचे आजोबा काचेच्या पेल्यात बोथट पातं आतून घासायचे. बोटानं दाबून, मागे-पुढे, पोथी वाचावी तसे मन लावून. किंग जिलेटनं १९०३ साली रेझर बाजारात आणला तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. गिऱ्हाइकामागे जेमतेम तीन! त्यांच्याकडेही पेले असणार. आजोबा जुनं पातं नवं करत, मी मात्र नवं पातं जुनं करायच्या मागे.

त्यावर उपाय कळला तो बुचाचा. धार बुचातून हलक्या हातानं एकदा ओढायची, की तिची मस्ती उतरते. पण नौपाड्यातल्या आमच्या घरात बूच येणार कुठून? चार-पाच रुपयांच्या पात्यापायी वाईन आणावी, तर हॉलमध्ये आई जपाला बसलेली.

मग आठवलं, सोसायटीच्या दारात बुचाचं झाड आहे. ज्याच्या लांब देठाच्या पांढऱ्या फुलांच्या मुली बिनदोऱ्याच्या वेण्या करतात, तेच. त्याच्या सालीची बुचं करत, म्हणून तर ते नाव. रविवारी पहाटे साल खरवडत होतो, तेवढ्यात वॉचमन आला.

"साहेब, कशासाठी?"

"दाढीसाठी."

तो दोन पावलं मागे सरकला.

घरी पातं सालीवरून ओढताना बायकोनं पकडलं. धारेवर टेफ्लॉनचा थर असतो, तो जरा काढतोय, असं मी समजावलं.

"म्हणजे आपल्या तव्यावर असतो तोच? परवा त्याला स्टीलचं उलथनं लागलं, तर अर्धा तास ऐकवलंत मला!"

मी तोंडाला फेस लावून घेतला. फेस असला की बोलावं लागत नाही.

दाढी खरंच मऊ झाली. हनुवटीखाली तेवढं कापलं, पण तो दोष बायकोच्या हसण्याचा. तुरटी दाबून पेपर आणायला उतरलो, तर जिन्यात तळमजल्यावरचे काका. हातात सालीचा हा एवढा तुकडा.

"वॉचमन म्हणाला, तुम्ही सुरू केलंय," ते हळूच म्हणाले. "अनशापोटी किती घ्यायचं?"