पायऱ्या आहेत, टाइमटेबल नाही

लेक्सिओ दिविना, म्हणजे बायबलचा उतारा सावकाश, प्रार्थनेच्या भावनेने वाचण्याची ख्रिस्ती पद्धत, शिकवणाऱ्या तुमच्या लेखात तिच्या चार पायऱ्या, वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान, प्रत्येकीला पाच मिनिटं देऊन क्रमानेच करा असं म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. ही शिडी 12व्या शतकातल्या ग्विगो दुसरा या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांचा संघ) मठाधिपतीने मांडली, पण त्यानेच लिहून ठेवलंय की देव आपली प्रार्थना संपायची वाट बघत बसत नाही, मधेच येतो, म्हणजे शेवटची पायरी आपल्या हातात नाहीच, ती मिळते. आणि त्याच्या कितीतरी आधी, 6व्या शतकात, संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमात या वाचनासाठी रोजचे तास राखून ठेवलेत, पण तिथे पायऱ्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

मी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा 10वा अध्याय घेऊन बसते तेव्हा बहुतेक वेळा आंधळ्या बार्तीमयाला येशू विचारतो ना, मी तुझ्यासाठी काय करावं, तिथेच अडकते, पुढचं वाचणं होतच नाही, तोच प्रश्न हळूहळू मला विचारल्यासारखा होतो आणि उत्तर देता देता प्रार्थना कधी सुरू झाली कळतही नाही. अशा वेळी घड्याळ बघून पुढच्या पायरीवर जायचं? नवीन माणसाला कृपया एवढंच सांगा की उतारा छोटा घ्या आणि जिथे मन थांबेल तिथे खुशाल थांबा, उतारा पूर्ण झाला नाही तरी चालेल.