कोन कोणाचा?

अपात्र. काल निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे वेळेच्या जागी हा शब्द उमटला. शेजारच्या रकान्यात कारण: 'वळणावर नोंद नाही'. पाच किलोमीटरच्या शर्यतीत जो माणूस ५.८ किलोमीटर पळून आला, तो पाच पळालाच नाही, हे आता लेखी आहे.

मार्ग साधा होता. अडीच किलोमीटर सरळ जायचं, नारिंगी कोनाला वळसा घालायचा, आल्या रस्त्याने परत. पाऊस आमच्या आधीच हजर होता आणि तो पडत नव्हता, आडवा येत होता. शहाणी माणसं गाडीतून न उतरताच परत फिरली. मी थांबलो तो कावाउचीमुळे. २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन असल्याच पावसात, गारठ्यात आणि समोरच्या वाऱ्यात झाली. भलेभले व्यावसायिक धावपटू गळाले आणि जपानचा युकी कावाउची २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. तेव्हा तो नोकरी सांभाळून पळायचा. नोकरी मीही सांभाळतो. साम्य तिथेच संपतं, हे पहिल्या किलोमीटरला कळलं.

त्याआधी सुरुवातीच्या रेषेवर वीज चमकली होती. मी सवयीने आकडे मोजायला लागलो. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. नऊला गडगडलं. म्हणजे वीज तीन किलोमीटरवर, आमच्या शर्यतीच्या अंतराच्या आतच. तीस मोजायच्या आत गडगडलं तर आडोशाला जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, हा साधा नियम मैदानी खेळ भरवणाऱ्याला ठाऊक असायला हवा. आमचा निवेदक म्हणाला, "बघा, आभाळसुद्धा टाळ्या वाजवतंय!" मला यात अजूनही हसू येत नाही.

जाताना वारा समोरून. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वारा जाताना जे हिसकावून घेतो ते येताना पाठीवरून पूर्ण परत देत नाही, मध्येच बट्टा कापतो. १०० मीटरवाल्यांचं बरं असतं. मागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वारा असला तर त्यांचा विक्रम धरत नाहीत, म्हणजे वाऱ्याची कुणीतरी दखल तरी घेतं. माझ्या बाबतीत एवढंच झालं की पुढच्या पेसरच्या, म्हणजे ठरलेल्या वेगाने पळून बाकीच्यांना गती दाखवणाऱ्याच्या, पाठीवरचा झेंडा वाकून माझ्या तोंडावर फटाफट बसत राहिला. पुढे तोही दिसेनासा झाला. झेंडाही आणि पेसरही.

अडीच किलोमीटर झाले. कोन नाही, पळणाऱ्याच्या अंगावरच्या चिपची नोंद घेणारी मॅट नाही, स्वयंसेवक नाही. रस्त्याची शर्यतीची बाजू रिकामी, पलीकडून गाड्या पाणी उडवत चाललेल्या. मी पळत राहिलो. आणखी ४०० मीटरवर बसथांब्याच्या छपराखाली एक गृहस्थ बसले होते. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, छत्री उलटी झालेली, गळ्यात शिट्टी, आणि दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरलेला नारिंगी कोन.

"काका, कोन?"

"कोण?"

"कोन!"

"मी? मी बसची वाट बघतोय."

"तुम्ही नव्हे हो, हा कोन!"

"हा होय! हा त्या पोराचा. 'काका, दोन मिनिटं बघा, रेनकोट घेऊन येतो,' म्हणाला. अर्धा तास झाला. वाऱ्याने गडगडत निघाला होता, मी धरून आणला."

"पण तो होता कुठे?"

"मागे, त्या खांबापाशी. मग मी काय तिथे भिजत बसू?"

इथे जरा मापाविषयी सांगायला हवं. प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलच्या पुढच्या चाकाला मोजणीयंत्र लावून मोजतात. तो चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. म्हणजे पाच किलोमीटरला पाच मीटर वरकड. एवढं सगळं सोवळं पाळल्यावर काकांनी स्वतःच्या जबाबदारीवर त्यात ४०० मीटर घातले. जाऊन-येऊन ८००.

"मग बाकीचे?"

"ती पोरं खांबापाशीच वळली. तेव्हा ती चटई होती खाली. मग दोघं आले, भिजतेय म्हणाले, गुंडाळून घेऊन गेले. एक आजीसुद्धा चटई असतानाच येऊन गेल्या. त्यांनी काही विचारलं नाही. तुम्हीच फार विचारता." एवढं बोलून त्यांनी माझ्या तोंडासमोर कर्कश शिट्टी फुंकली. "प्रत्येकासाठी वाजवायला सांगितलंय."

मी आणखी काही बोलणार तेवढ्यात पलीकडे बस आली. काकांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली, कोन हातात दिला आणि "आता तुम्ही बघा, दोनच मिनिटं," म्हणून रस्ता ओलांडला. बसमधून हातही केला.

कोन कवटाळून मी परत निघालो, तर समोरून तिघं आले. त्यांनी कोन पाहिला, मला वळसा घातला, एकाने "थँक्यू सर" म्हटलं आणि तिघंही पुढे निघून गेले. आयुष्यात मला बऱ्याच जणांनी मागे टाकलंय, पण माझ्याच भोवती फिरून कुणी टाकलं नव्हतं. शिट्टी वाजवली का? वाजवली. तीनदा. हात आपोआप गेला.

खांबापाशी कोन ठेवून पाहिला. दोनदा उडाला. शेवटी काखेत मारून पळालो. शेवटच्या रेषेवर निवेदक ओरडला, "आणि हे आपले जिद्दी स्वयंसेवक!" टाळ्या पडल्या. एका मुलीने कोन घेतला, साहित्य मागे जमा करायचं असतं म्हणून सांगितलं, आणि पदकांचा ट्रे माझ्यासमोरून पुढे नेला.

मी टेबलाकडे गेलो. "सिस्टीममध्ये तुमचं वळण दिसत नाही, सर." मी घड्याळ दाखवलं. "पावसात जीपीएस जास्त दाखवतं, सर." पावसाच्या थेंबांचं जीपीएसला फारसं काही वाटत नाही, त्याला चकवतात त्या उंच इमारती आणि दाट झाडी, आणि रस्ता तर मोकळा होता. हे मी टेबलामागच्या मुलाला नीट समजावलं. तो "ओके सर" म्हणाला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला.

ते तिघंही तिथेच होते. नोंद त्यांचीही नव्हती, पण त्यांचं मान्य झालं होतं.

"यांना वळणावरच्या स्वयंसेवकाने बघितलंय ना."

"कोणत्या?"

तिघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी हो म्हणालो, खरं ते खरं. त्यांच्या कागदावर माझी सही घेतली.

"मग माझं?"

"तुम्हाला वळताना कुणी बघितलं?"

"काकांनी."

"मग त्यांना घेऊन या, सर."

शिट्टी मी परत केलेली नाही.