एकच घर निवडायचं कशाला?

एका लेखात म्हणायलेत की दोन भाषांत वाढलेल्या माणसाला शेवटी कोणतं तरी एक घर निवडावंच लागतं, हे मला अजिबात पटलं नाही. मी वाढलो हैदराबादला, मूळ गाव उदगीरकडं, घरात मराठी अन् गल्लीत तेलगू अन् दखनी, म्हणजे तिकडची उर्दू बोली, त्यामुळं गावी 'हैदराबादवाला' आणि तिकडं शाळेत 'मराठी'. लई त्रास व्हायचा.

पण आपला मराठवाडाच बघा ना, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, मग १९५६ ला भाषावार रचना झाली अन् आपण मुंबई राज्यात, बिदर म्हैसूरकडं, हैदराबाद आंध्रात, म्हणजे एकाच घरातले सोयरे तीन राज्यांत वाटले गेले तरी सोयरीक काही तुटली नाही. नांदेडचे शीख पिढ्यानपिढ्या इथलेच, गुरुद्वारात पंजाबी अन् बाजारात आपल्यासारखी मराठी, त्यांना कुणी विचारावं का नेमके कुठले म्हणून?

मला घरपण मिळालं ते आत्यामुळं. किती दिवस राहणार असं तिनं कधीच विचारलं नाही, सरळ भाकरी थापायला घ्यायची आणि कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं ते सांगत बसायची, जसं काही मी मधे कुठं गेलोच नव्हतो. आता लातूरला असतो, दोस्तांशी फोनवर अजून दखनीच. लेकीला दोन्ही येतं, एक निवड असं मी तरी तिला सांगणार नाही.